वन बीएचके घरात मुक्कामाचे पाहुणे: फोन आल्यापासून निरोपापर्यंतची तयारी

मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील वन बीएचके घर तीन-चार माणसांच्या नित्यक्रमाला जेमतेम पुरते. अशा घरात गावाहून सासू-सासरे, मावशी-काका किंवा चुलतभावाचे कुटुंब चार रात्रींसाठी येणार असल्याचे कळले की यजमानाचे लक्ष प्रथम सोफ्याची कव्हरे, पडदे आणि फराळाचे डबे यांच्याकडे जाते. पाहुण्याच्या मनात मात्र निराळेच प्रश्न असतात: रात्री उठल्यावर दिवा कोणत्या बटणाने लागतो, ओला टॉवेल कुठे वाळत घालायचा, पहाटे पाचला जाग आली तर चहासाठी घरच्यांना उठवायचे कसे. आपल्याकडचा पाहुणा यांतील एकही प्रश्न सहसा विचारत नाही. ‘काही नको, सगळं आहे’ असे म्हणून तो वेळ निभावून नेतो. म्हणूनच पुढील सर्व तयारी एकाच कसोटीवर बेतलेली आहे: जे पाहुण्याला लागणार आहे, ते त्याला मागावे लागू नये. नवे सामान त्यासाठी फारसे लागत नाही; आधी केलेला विचार मात्र लागतो.

पहिली पायरी: आठवडाभर आधीचा फोन

‘काही पथ्य आहे का?’ असे विचारल्यास बहुतेकांकडून ‘नाही हो, सगळं चालतं’ हेच उत्तर येते. त्याऐवजी निवड करायला लावणारे प्रश्न विचारावेत. ‘चहा बिनसाखरेचा की कमी साखरेचा?’, ‘रात्री भात की भाकरी?’, ‘खाली बसायला जमतं की खुर्ची बरी?’ अशा प्रश्नांना खरी उत्तरे मिळतात. चातुर्मास सुरू असेल तर कांदा-लसूण चालतो का, मुक्कामात चतुर्थी किंवा एकादशी येते का आणि ती कोण कोण करते, हे आधी पाहून ठेवावे, म्हणजे उपवासाच्या सकाळी साबुदाणा भिजवलेला नाही अशी वेळ येत नाही. इन्सुलिन घेणारे कोणी असेल तर फ्रिजमध्ये त्यासाठी एक छोटा झाकणाचा डबा राखून ठेवावा. इन्सुलिन गोठू देता येत नाही, म्हणून हा डबा फ्रीजरजवळ ठेवू नये.

पोहोचण्याच्या वेळेचाही याच फोनवर विचार करावा. कोकणकन्या पहाटे मुंबईत येते, विदर्भ एक्स्प्रेस सकाळी. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला सकाळी सातला गप्पा आणि पोह्यांची बशी यांपेक्षा प्रथम शौचालय, गरम पाणी आणि दोन तासांची झोप हवी असते. त्या दिवशी अंथरूण आदल्या रात्रीच घातलेले असावे. सोसायटीच्या गेटवर ॲपने नोंद होत असेल तर पाहुण्यांची नोंद आधीच करावी. हातात पिशव्या घेऊन रखवालदाराला आपले नाव-गाव सांगत उभे राहणे ही स्वागताची वाईट सुरुवात असते.

दुसरी पायरी: कोण कुठे झोपणार

हा निर्णय पाहुणे दारात आल्यावर घेऊ नये. ‘तुम्ही आत झोपा’, ‘नको, आम्ही हॉलमध्येच बरे’ अशी ओढाताण सुरू झाली की शेवटी पाहुणेच माघार घेतात आणि गैरसोयीची जागा पत्करतात. वयस्कर माणसे, जोडपे किंवा तान्हे बाळ असलेली आई यांना बेडरूम द्यावी. एकटा तरुण भाचा असेल तर हॉल पुरेसा आहे, तो आपल्या फोनसह तेथे अधिक खूश असतो. बेडरूम द्यायची ठरली की ती खरोखर द्यावी. पुढच्या चार दिवसांचे आपले कपडे, कार्यालयाची बॅग, चार्जर आणि औषधे आधीच हॉलमध्ये आणून ठेवावीत, अन्यथा सकाळी साडेसहाला कपाटातून शर्ट काढण्यासाठी दार ठोठावावे लागते आणि खोली देऊनही दिल्यासारखी राहत नाही. कपाटाचा एक कप्पा पूर्ण रिकामा करून त्यात चार-पाच हँगर ठेवावेत. बॅग ठेवण्यासाठी गुडघ्याएवढ्या उंचीचा स्टूल किंवा बाकडे दिल्यास कमरेत वाकून बॅगेत शोधाशोध करण्याचा ज्येष्ठांचा त्रास वाचतो.

हॉलमध्ये झोपवण्याशिवाय पर्याय नसेल तर स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामध्ये ताणाच्या दांडीवर एक जाड पडदा लावावा. ही दांडी भिंतीला छिद्र न पाडता बसते. सकाळचे मिक्सरचे वाटण आदल्या रात्रीच उरकून ठेवावे.

तिसरी पायरी: अंथरूण-पांघरूण

या पायरीला सर्वांत जास्त वेळ द्यावा, कारण वाईट झोप झालेल्या पाहुण्याला दुसऱ्या दिवशीची पुरणपोळीही गोड लागत नाही. माळ्यावर किंवा दिवाणाच्या पोटात ठेवलेली कापसाची गादी हवेतील ओलावा शोषून घेते आणि दबते. पाहुणे येण्याच्या दोन-तीन दिवस आधी ती गच्चीत किंवा खिडकीच्या उन्हात प्रत्येक बाजूने दोन-अडीच तास टाकावी आणि काठीने झटकावी. पावसाळ्यात ऊन मिळत नाही. अशा वेळी गादी भिंतीला उभी करून दोन्ही बाजूंनी पंख्याचा वारा द्यावा. ती ओलसरच राहिली तर शेजाऱ्यांकडून कोरडी गादी मागून आणणे उत्तम, त्यात संकोच करण्यासारखे काही नाही. गादी फार गुठळ्यांची झाली असेल तर पिंजून घेण्याला पर्याय नाही, आणि ते काम चार दिवस आधी आटोपलेले असावे.

पांघरुणांना येणारा डांबरगोळीचा वास अनेकांना सहन होत नाही. तान्हे बाळ येणार असेल तर हा प्रश्न वासापुरता राहत नाही. डांबरगोळीतील नॅप्थॅलीनच्या वाफेने, जी-सिक्स-पीडी या विकराची (एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटू शकतात. अशा गोळ्यांत ठेवलेली गोधडी किंवा दुपटी बाळाला नुसती झटकून देऊ नयेत. ती धुऊन, उन्हात वाळवून मगच वापरावीत. साठवणीसाठी वाळलेला कडुनिंबाचा पाला पुरतो.

जमिनीवर गादी घालायची असल्यास तिच्याखाली सतरंजी घालावी, म्हणजे फरशीचा गारवा वर येत नाही. दोन सुट्या गाद्या शेजारी घातल्या की रात्रीत त्या सरकतात आणि मधल्या फटीत झोपणाऱ्याचे हाल होतात; दोन्हींवर आडवी एकच मोठी चादर ताणून कडा खाली खोचल्यास फट पडत नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाला मात्र जमिनीवर झोपवूच नये. पलंगावर बसल्यावर पाऊल जमिनीवर सपाट टेकेल अशी, साधारण ४५ ते ५० सेंटीमीटर उंची ज्येष्ठांना उठण्यास सोपी पडते. प्रत्येकाला एक पातळ आणि एक जाड अशा दोन उशा द्याव्यात.

पांघरूण ठरवताना पाहुणा कुठून येतो हे पाहावे. डिसेंबर-जानेवारीत पुण्याचे किमान तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते, आणि मुंबईहून आलेल्या माणसाला ते पहाटे चांगलेच बोचते. त्याला सोलापुरी चादर आणि तिच्यावर गोधडी अशी जोडी द्यावी. एकच जाड रजई दिली तर ती मध्यरात्री एकदा गरम होते आणि एकदा ढकलली जाते. दोन पातळ थर माणसाला हवे तसे कमी-जास्त करता येतात. नागपूर-अकोल्याचा पाहुणा मे महिन्यात मुंबईत आला तर तापमान कमी असूनही दमटपणाने हैराण होतो. त्याच्या बाबतीत पांघरुणापेक्षा पंख्याखालची जागा महत्त्वाची ठरते.

एसी असेल तर तो कसा बंद करायचा हे आधी शिकवावे. गावाकडच्या पुष्कळ ज्येष्ठांना एसी सोसत नाही आणि यजमानाने मोठ्या कौतुकाने लावलेला एसी बंद करा असे म्हणणेही त्यांना जमत नाही. २०२० पासून भारतात नव्या तारांकित एसीचे तापमान चालू करताना २४ अंशांवर येते. ज्येष्ठांसाठी ते २६-२७ वर नेऊन पंखा मंद ठेवावा. पंख्याची पाती मात्र त्याआधी पुसलेली हवीत. जुना उशीचा अभ्रा पात्यावर चढवून मागे ओढला की धूळ अभ्र्यातच राहते, अंथरुणावर पडत नाही.

उशाशी हाताला येईल असे पाण्याने भरलेले तांब्या-भांडे, एक छोटा दिवा आणि चार्जिंगसाठी एक्स्टेंशन बोर्ड ठेवावा. डास असतील तर खोलीत कॉइल लावू नये. बंद खोलीतील तिचा धूर लहान मुलांना आणि दम्याच्या रुग्णांना बाधतो. घडीची मच्छरदाणी अधिक भरवशाची असते.

चौथी पायरी: न्हाणीघर आणि शौचालय

पाहुण्यांचा संकोच येथे सर्वाधिक असतो, आणि वन बीएचके घरात बहुधा एकच शौचालय सर्वांना वापरावे लागते. सकाळी सहा ते आठ या वेळात आपले घर रिकामे होण्याची घाई आणि पाहुण्यांची निकड एकमेकांवर येते. कामावर जाणाऱ्यांनी त्या चार दिवसांत अर्धा तास आधी उठून आपले उरकून घ्यावे, आणि पाहुण्यांना आदल्या रात्रीच ‘साडेसहानंतर बाथरूम तुमचंच’ असे सांगून टाकावे. दारापाशी घुटमळणे टळते.

गरम पाण्याचे गणित एकदा समजून घेतले की पाहुण्यांची अंघोळ अर्ध्यावर राहत नाही. १५ लिटरचा, २००० वॅटचा गिझर २५ अंशांचे पाणी ६० अंशांपर्यंत नेण्यास साधारण १८ ते २० मिनिटे घेतो. ते पाणी थंड पाण्यात मिसळून अंघोळीजोगे, म्हणजे ४० अंशांचे केले की सुमारे ३५ लिटर होते. नेहमीच्या बादलीने मोजल्यास पावणेदोन-दोन बादल्या. याचा अर्थ असा की दोन अंघोळींमध्ये वीस मिनिटांचे अंतर ठेवावे, किंवा पहिल्याची बादली भरून बाहेर काढून ठेवावी. तीन लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर नळ बारीक सोडावा लागतो, हे पाहुण्याला सांगावे, नाहीतर नळ पूर्ण उघडून तो कोमट पाण्यानेच अंघोळ करतो आणि बाहेर येऊन ‘छान झाली’ म्हणतो. सोसायटीत पाण्याच्या वेळा ठरलेल्या असतील तर त्याही सांगाव्यात आणि एक पिंप भरून ठेवावे.

न्हाणीघराला येणारा कुबट वास पुष्कळदा अस्वच्छतेचा नसतो. जमिनीवरील जाळीखालच्या ट्रॅपमध्ये थोडे पाणी साचून राहते आणि तेच गटाराची हवा वर येऊ देत नाही. न्हाणीघर काही दिवस न वापरल्यास हे पाणी सुकते आणि वास येऊ लागतो. सुगंधी गोळ्या टांगण्याआधी एक बादली पाणी जाळीत ओतून पाहावे. दुसरे बाथरूम असून ते एरवी सामानाने भरलेले असते अशा घरांनी तर हे अवश्य करावे.

आत काय असावे याची यादी लहान आहे: न वापरलेला साबण, खोबरेल तेलाची छोटी बाटली, कंगवा, प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा टॉवेल, कपडे अडकवायला कोरड्या बाजूचे दोन हुक, झाकणाची कचरापेटी आणि स्त्रियांसाठी कपाटात, दिसेल असे, सॅनिटरी पॅडचे पाकीट. खाली बसून अंघोळ करण्याची सवय असलेल्यांना पाट आणि ज्यांचे गुडघे वाकत नाहीत त्यांना प्लॅस्टिकचा भक्कम स्टूल ठेवावा. ओल्या फरशीवर रबरी मॅट घालावी. टॉवेलची दांडी माणसाचा भार घेण्यासाठी बसवलेली नसते आणि तोल गेल्यावर ज्येष्ठांचा हात नेमका तिच्याकडेच जातो. घरात ज्येष्ठांचे येणे-जाणे नेहमीचे असेल तर भिंतीत स्क्रूने पक्की केलेली आधाराची दांडी बसवून घ्यावी. नुसत्या चिकटणाऱ्या चकतीवरच्या दांड्यांवर विसंबू नये. कमोडशेजारच्या जेटचा जोर किती आहे, फ्लशचे बटण किती वेळ दाबायचे, दाराची कडी कुठे अडते, हे सारे पाहुणे आल्याबरोबर एका मिनिटात दाखवून मोकळे व्हावे. यजमानाला वाटते तितके हे दाखवणे अवघड नसते, आणि न दाखवल्याने होणारी फजिती मात्र पाहुण्याच्या वाट्याला येते.

पाचवी पायरी: उजेड आणि वास

घर उबदार वाटण्यात सजावटीपेक्षा दिव्यांचा वाटा मोठा असतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या बहुतेक हॉलमध्ये छताला ६५०० केल्व्हिनची पांढरी ट्यूब असते. तिचा निळसर उजेड धान्य निवडायला आणि अभ्यासाला ठीक, पण रात्री नऊच्या गप्पांना त्या उजेडात दवाखान्याची कळा येते. एलईडी बल्बच्या खोक्यावर छापलेला केल्व्हिनचा आकडा पाहून २७०० ते ३००० चा, म्हणजे पिवळसर उजेडाचा, एक बल्ब आणावा आणि तो कोपऱ्यातील उभ्या दिव्यात किंवा भिंतीच्या दिव्यात लावावा. संध्याकाळी देवापाशी दिवा लागला की ट्यूब बंद करून हा दिवा लावावा. खोली तीच असते, माणसे मात्र सैलावून बसतात. हॉलपासून शौचालयापर्यंतच्या वाटेवर रात्रभर जळणारा मंद दिवा हवा आणि त्या वाटेत चपला, पायपुसणी किंवा मुलांची सायकल नको.

वासाच्या बाबतीत कमी तेच चांगले. दारे-खिडक्या सकाळी तासभर उघड्या टाकल्या, कचऱ्याची पिशवी आदल्या रात्री बाहेर गेली आणि सिंकच्या नळीत गरम पाणी ओतले की घर आपोआप ताजे वाटते. त्यावर उदबत्ती, धूप आणि फवारा या तिघांचा मारा केल्यास दम्याच्या माणसाला खोकला सुरू होतो. शाकाहारी पाहुणे येणार असतील तर सुकट, बोंबील तळण्याचा बेत दोन दिवस आधीपासून बाजूला ठेवावा. हा वास पडद्यांत बसतो आणि लवकर जात नाही.

सहावी पायरी: दारातील पहिला अर्धा तास

कोकणातील घराला पडवी असे, देशावरच्या घराला ओसरी. तेथे पाय धुऊन, टेकून, गूळ-पाणी घेऊन माणूस हळूहळू घरात शिरत असे. फ्लॅटचे दार उघडले की तो थेट टीव्हीसमोर उभा राहतो. ती हरवलेली मधली जागा थोडी तरी परत निर्माण करता येते. दाराजवळ चपलांसाठी मोकळी जागा ठेवावी, बूट-सँडल काढायला बसण्यापुरता स्टूल ठेवावा, आणि घरातील एकाने, शक्यतो एकानेच, बॅगा घेऊन थेट आतल्या खोलीत ठेवाव्यात. मग पाणी. माठाचे आणि फ्रिजचे अशी दोन्ही भांडी ट्रेमध्ये आणली की निवड विचारावी लागत नाही. सोबत गुळाचा खडा द्यायला काहीच हरकत नाही. त्यानंतर हात-पाय धुण्याची जागा दाखवावी आणि दहा मिनिटे त्यांना त्यांच्यावर सोडून द्यावे. नव्या मॉड्युलर किचनचे दर्शन, मुलांच्या स्पर्धांची प्रशस्तिपत्रके आणि प्रवासखर्चाची चौकशी संध्याकाळपर्यंत थांबू शकते.

गावाहून आलेला माणूस रिकाम्या हाताने येत नाही. पिशवीतून तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, लोणच्याची बरणी निघते. ‘कशाला एवढं आणलंत’ हे औपचारिक वाक्य म्हणून झाल्यावर ते लोणचे त्याच रात्री सर्वांच्या पानात वाढावे. आणणाऱ्याला याहून मोठे समाधान नसते.

सातवी पायरी: चहा, जेवण आणि आग्रह

प्रवासाच्या दिवशी साधे जेवण द्यावे: वरण-भात, तूप, लिंबू, एक सुकी भाजी, ताक. पनीरचे तीन प्रकार दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवावेत, आणि खरे तर तेव्हाही एकच पुरे.

पहाटे उठणाऱ्या पाहुण्यांसाठी ओट्यावर चहाचा कोपरा करावा. एका ताटात पातेले, गाळणे, कप, चहा-साखरेचे डबे, लायटर आणि बिस्किटे मांडावीत, दूध फ्रिजच्या दारात पुढे ठेवावे आणि शेगडीचे कोणते बटण कोणत्या बर्नरचे हे रात्रीच दाखवावे. ज्यांना दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायला नको वाटते, त्यांच्यासाठी थर्मासमध्ये गरम पाणी भरून ठेवावे. आत्याला स्वतःच्या हाताने चहा करून घेता आला की तिचा निम्मा परकेपणा जातो. म्हणून तिने भाजी निवडायला घेतली तर ‘तुम्ही बसा हो’ म्हणून ती हातातून काढून घेऊ नये.

आग्रहाबद्दल मतभेद असतील, पण एकदा विचारावे, दुसऱ्यांदा हसून विचारावे आणि तेथे थांबावे. पानावर हात आडवा धरलेल्या माणसाला जिलबी वाढण्यात पूर्वी पंगतीची शोभा असेल. आज समोरच्याला मधुमेह असतो.

आठवी पायरी: मधले दिवस

पाहुण्यांनाही यजमानांपासून सुट्टी हवी असते. दुपारी दीड-दोन तास दार लोटून घेण्याची मुभा त्यांना सहज, न सुचवता मिळावी. घरच्यांनीच ‘आम्ही जरा पडतो’ म्हणावे. घरून काम करणाऱ्यांनी बैठकांच्या वेळा सकाळी सांगून ठेवाव्यात, म्हणजे पाहुणे दिवसभर कुजबुजत बसत नाहीत.

सेट-टॉप बॉक्सचे दोन रिमोट ही ज्येष्ठांच्या वाटेतील मोठी धोंड असते. चालू करण्याची दोन बटणे आणि आवाजाचे बटण यांवर रंगीत चिकटपट्टी लावावी, मराठी वाहिन्यांचे क्रमांक कागदावर ठळक लिहावेत. त्याच कागदावर वाय-फायचा पासवर्ड, आपला आणि शेजाऱ्यांचा फोन क्रमांक, दूधवाला व कामवाल्या मावशी कधी येतात, घंटा वाजल्यास दार कोणाला उघडायचे, हे लिहावे. दुसरी एक चिठ्ठी सासऱ्यांच्या खिशात घालण्यासाठी करावी: इमारतीचे नाव, विंग, मजला, जवळची खूण, मराठीत. एकसारख्या दिसणाऱ्या इमारतींच्या संकुलात सकाळी फिरायला गेलेल्या माणसाला तिचा उपयोग होतो. जास्तीची किल्लीही पहिल्याच दिवशी हाती द्यावी.

नववी पायरी: निरोप आणि त्यानंतर

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी न्हाणीघर, दोरी, चार्जिंगचा बोर्ड, फ्रिजमधील औषधाचा डबा आणि देवघराजवळ ठेवलेली जपमाळ यांच्यावर पाहुण्यांबरोबर एकदा नजर फिरवावी. विसरलेल्या वस्तू बहुधा याच ठिकाणी सापडतात. प्रवासासाठी दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या आणि दाण्याची चटणी द्यावी. रस नसल्याने डबा सांडत नाही आणि गाडीत हाताने खाता येते. डबा परत करण्याची चिंता नको म्हणून तो साधा, देऊन टाकण्याजोगा असावा. हळद-कुंकू, ओटी, हातावर दही-साखर हे घराच्या रीतीप्रमाणे करावे, पण रिक्षा खाली येऊन थांबण्याच्या आधी. ज्येष्ठांना गाडीत बसवून द्यायला कोणीतरी स्थानकापर्यंत जावे.

ते गेल्यानंतर अभ्रे-चादरी धुऊन, गादी पुन्हा एकदा उन्हात टाकून पूर्ण कोरडी झाल्यावरच माळ्यावर चढवावी. कोणाला पातळ उशी लागते, कोण बिनसाखरेचा चहा घेते, कोणाला पंखा दोनवरच हवा असतो, हे वहीच्या शेवटच्या पानावर नावासह लिहून ठेवावे. पुढच्या वेळी फोनवर हे प्रश्न पुन्हा विचारावे लागणार नाहीत.